एक बाई, एक शेतकरी, एक गोंधळी

आपल्याही गावात विचारांचा सोहळा भरवावा असं तुमच्या मनात आलंय, हे उत्तम झालं. आमच्याही आलं होतं. गणपती, नवरात्र, दहीहंडी आणि आमदारांचा वाढदिवस एवढं सगळं उरकूनही गावाच्या अंगात थोडा उत्साह शिल्लक राहतोच. तो कुठेतरी जिरवायला हवा. मी वक्ता निवड समितीवर होतो, शिवाय स्टेजमागे चहा कोणाला साधा आणि कोणाला स्पेशल हेही मीच बघत होतो. त्यामुळे अधिकारानं सांगतो.

सुरुवात गालिच्यापासून करा. विचारांचं नंतर बघता येतं.

गोल लाल गालिच्यावर उभं राहून विचार मांडायचा हा प्रकार मुळात अमेरिकेतला. कॅलिफोर्नियात माँटेरे इथे १९८४ साली ‘टेड’ नावाची परिषद भरली. तंत्रज्ञान, मनोरंजन आणि डिझाइन यांच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. २००९ पासून त्यांनी गावोगावच्या मंडळींना ‘टेडएक्स’ नावानं आपापले कार्यक्रम भरवायची मुभा दिली. परवाना फुकट, पण सोबत नियमांचं बाड. भाषण १८ मिनिटांच्या आत. वक्त्याला मानधन द्यायचं नाही आणि त्याच्याकडून पैसेही घ्यायचे नाहीत. स्टेजवरून काही विकायचं नाही, राजकीय प्रचार करायचा नाही. आणि आयोजक स्वतः मूळ परिषदेला जाऊन आलेला नसेल, तर श्रोते शंभरच.

हे वाचून आमच्या अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आमदारसाहेब बोलायचे नाहीत, बिल्डरनं स्टेजवर यायचं नाही, माणसं शंभर. मग खर्च कशासाठी करायचा?”

ठरलं. परवाना नको, गालिचा घेऊ. तुम्हीही तेच करा.

मांडववाल्याकडे लग्नाच्या रिसेप्शनचा लाल गालिचा असतोच. आमच्यानं मधोमध खिळा ठोकला, खिळ्याला सुतळी, सुतळीला खडू, आणि गरकन वर्तुळ काढून कात्री चालवली. एका कडेला कुठल्याशा लग्नातल्या गुलाबजामच्या पाकाचा डाग होता. तो प्रेक्षकांना दिसणार नाही असा मागे फिरवला. माशांना मात्र तो दिवसभर सापडत होता.

मग कार्यक्रमाला इंग्रजी नाव द्या. आम्ही ‘बियॉन्ड’ ठेवलं. कशाच्या बियॉन्ड, असं एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं, तेव्हा त्यांना सल्लागार मंडळावर घेतलं. तिथे बैठक होत नाही.

आता मुख्य विषय, वैविध्य. हल्ली याशिवाय पोस्टर चांगलं दिसत नाही. कागद घ्या, रकाने आखा आणि भरत चला. आमच्या बैठकीचा सूर साधारण असा होता : “बाई झाली का?” “झाली.” “दिव्यांग?” “एक आहेत.” “शेतकरी?” “उद्या फोन करतो.” एकदा बाई झाली की दुसरी बाई कितीही चांगली असो, तिला पुढच्या वर्षी नक्की बोलावू म्हणून कळवायचं. जलसंधारणावर वीस वर्षं काम केलेल्या एका बाईंना आम्ही असंच कळवलं. त्यांचा दोष एवढाच, की बाई आधीच झाली होती. पुरुषांचा रकाना आखायचा नसतो. उरलेली जागा त्यांचीच असते.

शेतकरी निवडताना विशेष काळजी घ्या. तो आयटीतली नोकरी सोडून शेतीत आलेला हवा. आमच्याकडे एक द्राक्षवाले काका सुचवले गेले होते. तीन पिढ्यांची बाग, भुरी आणि डाऊनी या रोगांवर तासभर बोलतील असा हातखंडा. समितीत प्रश्न आला, “पण यांनी सोडलं काय?” काही सोडलेलं नसल्यामुळे काका गळले. त्यांच्या जागी पुण्याहून एक तरुण आले. त्यांनी बंगळुरू सोडलं होतं, लॅपटॉप सोडला होता आणि साखरही. शेतीत नेमकं काय धरलं होतं, हे सांगेपर्यंत १८ मिनिटं संपली.

दिव्यांग वक्त्यांसाठी स्टेजला उतार करावा लागतो, असं कोणीतरी म्हणेल. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, असंही म्हणेल. घाबरू नका. चार दणकट स्वयंसेवक उभे करा. आमच्याकडे व्हीलचेअर पोरांनी उचलून वर नेली, तेव्हा फोटोग्राफर लेन्स बदलत होता. मग खुर्ची पुन्हा खाली आणून पुन्हा वर नेली. खुर्चीतल्या गृहस्थांना बोलायचं होतं आटलेल्या बोअरवेलींबद्दल. तालुक्याचा नकाशा त्यांनी हातानं रंगवून आणला होता. फोटोखाली मात्र आम्ही ‘जिद्द’ लिहिलं. नकाशा फोटोत मावला नाही.

रकान्यांमधली माणसं एकदा मिळाली की खरं काम सुरू होतं. त्यांनी काय बोलायचं, हे त्यांच्यावर सोडू नका.

आमच्या बसस्टँडमागे एक खानावळ आहे. चालवणाऱ्या ताई तृतीयपंथी आहेत आणि कॉलेजची निम्मी पोरं त्यांच्या डब्यावर जगतात. त्यांचं नाव समितीत एकमतानं मंजूर झालं, टाळ्याही वाजल्या. पहिल्या तालमीला ताई एक वही घेऊन आल्या. त्यांना खानावळीच्या हिशोबावर बोलायचं होतं. १९ किलोचं सिलिंडर किती डब्यांना पुरतं, परीक्षेच्या महिन्यात पोळ्या कमी आणि भात जास्त का लागतो, उधारी कोणाला द्यायची. बोलता बोलता म्हणाल्या, “रोज पाच पोळ्या खाणारा पोरगा अचानक दोनवर आला, तर समजायचं घरून पैसे आलेले नाहीत. त्याला विचारायचं नाही. डब्यात पाच ठेवायच्या आणि वहीत दोन लिहायच्या.”

मी तिथे होतो. खोलीत क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आमचे स्पीच कोच म्हणाले, “छान आहे, पण हे कोणीही सांगू शकेल. तुमचा प्रवास सांगा ना. बालपण, घर सोडलं ती रात्र. पाऊस पडत होता का?”

“आठवत नाही,” ताई म्हणाल्या.

“पडत होता असं घेऊ. आणि तुम्हाला रडू नेमकं कुठे येतं?”

“कांदा चिरताना.”

कोचनं वहीत ‘विनोदबुद्धी चांगली, कमी करणे’ असं लिहिलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली तृतीयपंथीयांना आपली लिंगओळख आपण ठरवायचा हक्क दिला, हे आमच्या निवेदिकेनं ओळख करून देताना अभिमानानं सांगितलं. आपल्या भाषणाचा विषय आपण ठरवायचा हक्क त्या निकालात वेगळा लिहिलेला नसावा, असं गृहीत धरून तो समितीनं स्वतःकडे ठेवला. ताई जे सांगितलं तेच बोलल्या, नऊ मिनिटांत. पावसासकट. लोक उभे राहिले, पहिल्या रांगेत सराफांच्या सौभाग्यवतींनी डोळे टिपले. पोळ्यांची वही पिशवीतच राहिली.

दुपारच्या जेवणात पोळ्या कमी पडल्या. ताईंनी सकाळी मंडपात डोकावून केटररला तसं सांगितलंही होतं, पण तो म्हणाला, मॅडम, तुम्ही वक्त्या आहात, तुम्ही बसा.

मध्येच एखादा जुना माणूस उठून तुम्हाला वसंत व्याख्यानमाला ऐकवेल. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली सुरू झाली, आजही चालते, तिथे ना गालिचा लागला ना कोच. त्याला शांतपणे सांगा, की तिथे टेबल असतं, टेबलावर पाण्याचा तांब्या असतो, अशानं रील बनत नाही. कीर्तनाचं नाव काढलं तर जरा सावध व्हा, कारण तिथे पंचाईत आहे. एक माणूस, उभं राहून, पूर्वरंगात विचार सांगतो, मध्ये गजर होतो, बुक्का लागतो, मग उत्तररंगात तोच विचार गोष्ट लावून पटवतो. गाणं, नाच, नक्कल, सगळं एकाच अंगरख्यात. म्हणजे वक्ता आणि कलाकार असे दोन वेगळे रकाने करायची गरज आपल्या पूर्वजांना पडली नव्हती. हे मान्य केलं तर आपली निम्मी समिती बरखास्त होते.

गाडगेबाबांचा अर्ज आमच्याकडे आला असता तर काय झालं असतं, याचा मी उगाच विचार करून पाहिला. आधी गाव झाडणार, मग कीर्तन. म्हणजे बाबा येणार सकाळी, हातात खराटा, डोक्यावर गाडगं, आणि आमचा प्रवेशद्वारावरचा स्वयंसेवक त्यांना हाउसकीपिंगच्या फाटकानं पाठवणार. आत आलेच तर लोकांना थेट प्रश्न विचारणार, आणि आमच्याकडे प्रश्नोत्तरं ठेवलेलीच नाहीत.

तर कलाकार. भाषणं सलग ऐकली की माणसं मोबाइल काढतात, म्हणून दर तीन वक्त्यांनंतर एक ‘सादरीकरण’ टाकायचं. पोहे खाताना मध्येच शेंगदाणा लागतो, तसं. आम्ही एक गिटारवाला घेतला, एक शास्त्रीय नृत्य घेतलं, आणि मातीशी नाळ म्हणून गोंधळी. वक्त्याला १८ मिनिटं, कलाकाराला सहा.

गोंधळी मामा दोन साथीदारांसह जीप करून आले. झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा, कमरेला संबळ, तुणतुणं आणि फडक्यात गुंडाळलेली दिवटी. त्यांना मेकअप रूममध्ये जागा नव्हती, तिथे वक्त्यांचे ब्लेझर टांगले होते. म्हणून ते जनरेटरशेजारी बसले. मी चहा घेऊन गेलो (साधा), तर मामांनी विचारलं, “रात्रभर हाय का सांजपर्यंत?”

“सहा मिनिटं,” मी म्हणालो.

त्यांना वाटलं, मी चहाला सहा मिनिटं लागतील म्हणतोय.

दिवटीचा प्रश्न वेगळाच. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी नियम दाखवला : रंगमंचावर उघडी ज्योत चालणार नाही. नियम योग्यच आहे, पडदे पेट घेतात. आम्ही दिवटीऐवजी बॅटरीवर लुकलुकणारी प्लॅस्टिकची मेणबत्ती दिली. मामांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि धाकट्या साथीदाराच्या हातात दिली. या सगळ्याच्या दोन तास आधी त्याच रंगमंचावर, त्याच पडद्यांपासून हातभर अंतरावर, नऊ मान्यवरांनी मिळून पाच वातींची समई पेटवली होती. आमदारांची वात तीनदा विझली, तीनदा लावली. व्यवस्थापक स्वतः काडेपेटी धरून उभे होते. तुमच्याकडे कोणी हा फरक विचारलाच, तर सांगा : समई म्हणजे उद्घाटन, दिवटी म्हणजे आग.

मानधनाबद्दल एकच भूमिका ठेवा. आम्ही मूळ अमेरिकन नियमांतला नेमका हा एक अगदी काटेकोर पाळला. जो बोलेल, जो नाचेल, त्याला पैसे नाहीत, व्यासपीठ आहे. साउंडवाल्याला दिले, कारण तो आगाऊ घेतल्याशिवाय वायर सोडवत नाही. केटररला दिले. कोचना दिले, शिवाय पुण्याचं जाणं-येणं. मांडववाल्यानं तर गालिच्याचे पूर्ण पैसे घेतले, भाडं नाही, कारण गोल कापलेला गालिचा आता कुठल्या लग्नात अंथरणार? वक्त्यांचं ठीक आहे, त्यांना नोकऱ्या आहेत, त्यांच्या प्रोफाइलवर एक ओळ वाढते. मामांनी जीपच्या डिझेलचं विचारलं, तेव्हा मी त्यांना ‘एक्सपोजर’ हा शब्द मराठीत समजावायचा प्रयत्न केला. तुम्हाला जमलं तर मलाही कळवा.

शेवटी गोंधळ. इथे मात्र आमचं नियोजन चुकलं, म्हणून तुमच्यासाठी सविस्तर सांगतो.

मामा स्टेजवर आले, चपला विंगेतच काढल्या. गालिचा पाहिला आणि कडेला थबकले. आमचा स्वयंसेवक खुणावत होता, आत, आत, लाइट तिथे आहे. पण मामांच्या हिशोबानं मांडलेल्या जागेत पाय द्यायचा नसतो. गोंधळात देवीचा चौक मांडतात, ती बसते आणि गोंधळी समोर उभा राहतो. ते गालिच्याबाहेर अंधारात उभे राहिले आणि कनवटीचे चार तांदूळ काढून रिकाम्या लाल वर्तुळात टाकले. प्रकाश पडला होता तो तांदळांवर. कॅमेऱ्यात पहिली दोन मिनिटं तेवढंच आहे.

मग संबळ वाजला. गोंधळ सुरू होतो तो आवतणानं. तुळजापूरच्या भवानीला बोलवायचं, कोल्हापूरच्या अंबाबाईला, माहूरच्या रेणुकेला, मग जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, मग गावदेव, शिवेवरचे, विहिरीवरचे, ज्याच्या त्याच्या कुळाचे. कोणाला वगळायचं नाही. एखादा रुसला तर? आमच्या रकान्यांसारखं नव्हे, एक देवी झाली म्हणून दुसरी थांबत नाही. सहाव्या मिनिटाला समोरचं घड्याळ लाल होऊन लुकलुकायला लागलं, तेव्हा मामा नुकतेच जेजुरीहून निघाले होते. आम्ही माइक बंद केला. संबळाला माइक लागत नाही, ही तांत्रिक बाब साउंडवाल्यानं आधी सांगायला हवी होती. मागच्या रांगांतली माणसं ताल धरून बसली होती, ताई पदर खोचून टाळ्या देत होत्या, आणि निवेदिका हातात कार्ड घेऊन विंगेत उभी होती. त्यावर ‘या भारावलेल्या क्षणानंतर’ असं आधीच छापलेलं होतं.

शेवटी अध्यक्षांनी मला पाठवलं. मी कुंडी घेऊन गेलो. हार-तुरे नकोत, पर्यावरणपूरक स्वागत म्हणून आम्ही सगळ्यांना रोप देत होतो. मामांनी काठी थांबवली, दम घेतला आणि माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, “आन् ऱ्हायलेल्या देवांना काय सांगू?”

याचं काहीतरी उत्तर तुम्ही आधीच तयार ठेवा. मी क्रोटन दिलं.