‘स्कॉलरशिप मिळाली की आउट-ऑफ-स्टेट पण इन-स्टेटच्याच भावात पडतं’, हे बहुतेक वेळा खरं नाहीये

मार्च उजाडला की इथल्या म्हणजे अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुप्सवर एक मेसेज फिरायला लागतो, यंदाही फिरतोय. त्याचा सारांश असा: दुसऱ्या राज्यातल्या पब्लिक युनिव्हर्सिटीने मुलाला मेरिट स्कॉलरशिप दिली असेल तर फार विचार करू नका, कारण ती धरली की फी आपल्या राज्यातल्या एवढीच होते, शिवाय ती चारही वर्षं मिळते, वर्षभर तिथे राहिलं की मूल तिथलं रेसिडेंट होतं आणि मग इन-स्टेट म्हणजे त्या राज्याच्या रहिवाशांचा कमी रेट लागतो (बाहेरच्यांचा तो आउट-ऑफ-स्टेट), आणि तरी कमी पडलं तर बाहेरच्या छोट्या स्कॉलरशिप आहेतच, तेव्हा घरी आलेली लक्ष्मी परत पाठवू नका.

मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसणार हे मला माहितीये. पण लोक यावर विसंबून १ मेच्या आत, म्हणजे कॉलेज पक्कं करायच्या मुदतीत, डिपॉझिट भरतात आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घरावर कर्ज काढायची वेळ येते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिलं म्हणजे ती लक्ष्मी. मेरिट स्कॉलरशिप म्हणजे बहुतेक वेळा कॉलेजने स्वतःच ठरवलेल्या किमतीवर स्वतःच दिलेली सूट असते, तुमच्या खात्यात एक डॉलरही येत नाही, तुमच्या खात्यातून जातातच, फक्त थोडे कमी जातात. मग किती मिळाले याच्यापेक्षा किती जाणार हा आकडा आधी बघायला नको का? आणि तो आकडा ऑफर लेटरमध्ये सहजासहजी सापडत नाही. अमेरिकी संसदेची ऑडिट संस्था जीएओ, तिने २०२२ मध्ये कॉलेजांची ही पत्रं तपासली आणि अंदाज काढला की ९१ टक्के कॉलेजं नेट प्राइस, म्हणजे सूट वजा जाता खरोखर भरायची रक्कम, एकतर देतच नाहीत किंवा असते त्याहून कमी दाखवतात. एका ओळखीच्या घरी आलेलं पत्र मी नीट वाचलं, त्यात सगळ्यात वर मोठ्या अक्षरात स्कॉलरशिपची चार वर्षांची बेरीज होती, ६०,००० डॉलर, आणि खाली ट्यूशनचा, म्हणजे कॉलेजच्या शिक्षण-फीचा, आकडा मात्र एकाच वर्षाचा. त्याच रकान्यात खाली मुलाच्या नावावरचं ५,५०० डॉलरचं फेडरल (केंद्र सरकारचं) लोन पण ‘मदत’ म्हणून धरलेलं. लोन ही मदत कशी काय?

आता तेच ६०,००० चं गणित मांडू, कारण सगळी मेख इथेच आहे. समजा आउट-ऑफ-स्टेट ट्यूशन ४०,००० आहे आणि स्कॉलरशिप वर्षाला १५,०००. पहिल्या वर्षी तुम्ही २५,००० भरता आणि मनात चार गुणिले २५,००० म्हणजे एक लाख धरून चालता. पण स्कॉलरशिप साधारणपणे ठरावीक डॉलरमध्ये असते, टक्क्यांत नसते, आणि ट्यूशन मात्र वाढत राहतं. वर्षाला ५ टक्के वाढ धरा, ट्यूशन होतं ४०,०००, मग ४२,०००, मग ४४,१००, मग ४६,३०५. स्कॉलरशिप मात्र १५,००० वरच. चौथ्या वर्षी तुमचा चेक ३१,३०५ चा. म्हणजे ट्यूशन वाढलं सुमारे १६ टक्के, पण तुमच्या खिशातून जाणारी रक्कम वाढली २५ टक्के, कारण वाढ सगळीच्या सगळी तुमच्या वाट्याला येते, त्यांच्या वाट्याला काही नाही. चार वर्षांची बेरीज १,१२,४०५. आणि हे फक्त ट्यूशन हां, राहणं-खाणं, विमानाची तिकिटं, हेल्थ इन्शुरन्स वेगळं.

हाच आकडा आता इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीशी लावून बघा. पर्ड्यूने २०१२-१३ पासून ट्यूशन गोठवून ठेवलंय, इंडियानाच्या मुलांना वर्षाला ९,९९२ आणि बाहेरच्यांना २८,७९४. एक पैशाची स्कॉलरशिप नसताना चार वर्षांचे होतात १,१५,१७६. म्हणजे ६०,००० ची स्कॉलरशिप देणारं ते कॉलेज आणि काहीच न देणारं पर्ड्यू यांत फरक किती, तर २,७७१ डॉलर. (इंजिनिअरिंगला पर्ड्यूत वरून जादा फी आहे, आणि ट्यूशन पुढेही असंच राहील हे कुणी लिहून देत नाही, तेही धरा.) पण अशा दोन्ही ऑफर आलेल्या घरात कुणाच्या तोंडून ‘पर्ड्यूने काही दिलं नाही’ एवढंच निघतं ना, ते मला खरंच टोचतं. आणि इन-स्टेटशी तुलना करायची तर १४,००० चं ट्यूशन वर्षाला ३ टक्क्यांनी वाढवत नेलं तरी चार वर्षांचे साडेअठ्ठावन्न हजार होतात. १,१२,००० आणि ५८,५०० हे ‘सारख्याच भावात’ कसं म्हणायचं?

कुणी म्हणेल ५ टक्के जास्त धरले. काही ठिकाणी जास्तच आहेत, काही ठिकाणी नाहीत, पण वाढ बाहेरच्यांवर का पडते हे समजून घ्या. इन-स्टेट ट्यूशन वाढवलं की त्या राज्याचे मतदार आमदारांना धरतात, बाहेरच्या मुलाच्या आईवडलांचं तिथे मतच नाही. २००८ च्या मंदीनंतर राज्यांनी युनिव्हर्सिट्यांचे पैसे कापले तेव्हा भर काढायला बाहेरची मुलं सोपी पडली. फ्लोरिडाचंच बघा, तिथल्या मुलांचं ट्यूशन दहा वर्षांहून जास्त काळ वाढलेलं नाही, युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडात वर्षाला ६,३८० च्या आसपास, पण २०२५ मध्ये राज्याच्या युनिव्हर्सिट्यांच्या बोर्डाने बाहेरच्यांची फी त्या वर्षी १० टक्क्यांपर्यंत आणि २०२६ च्या फॉलपर्यंत एकूण १५ टक्क्यांपर्यंत वाढवायची परवानगी दिली. कॅलिफोर्नियात यूसीने (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बाहेरच्यांचं जादा ट्यूशन ३४,२०० वरून ३७,६०२ केलं, २०२५ मध्ये आत येणाऱ्यांसाठी, आणि सगळेच भरतात ते बेसिक ट्यूशन त्याच्यावर. यूसीचं एक मात्र मानायला हवं, ज्या वर्षी मूल आत जातं त्या वर्षीचा दर सहा वर्षांपर्यंत कायम ठेवतात, म्हणजे निदान पुढचा हिशोब तरी करता येतो. बाकी बऱ्याच ठिकाणी तेही नाही. मिशिगनसारख्या ठिकाणी तर वरच्या वर्षांचा दरच मुळात जास्त असतो, फी न वाढवतासुद्धा तिसऱ्या वर्षी बिल वाढतं. आणि इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस यांना वेगळी जादा फी लावणारी कॉलेजं भरपूर आहेत, आपली मुलं जातात नेमकी तिथेच.

‘चारही वर्षं मिळते’ हा दुसरा दावा. मिळते, पण अटींवर. जीपीए (चारपैकी मोजली जाणारी ग्रेडची सरासरी) कुठे ३.० लागतो, कुठे त्याहून वर, दर सेमिस्टरला फुल-टाइम क्रेडिट लागतात, आणि आठ सेमिस्टरनंतर बंद म्हणजे बंद. हायस्कूलला सगळे ए मिळवणारं मूल पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस, केमिस्ट्री, फिजिक्स आणि कोडिंग एकदम घेतं, पहिल्यांदा घराबाहेर राहतं, ग्रेडिंग कर्व्हवर म्हणजे बाकी मुलांच्या तुलनेत, आणि २.९ येतो. हे मूल ढ आहे म्हणून होत नाही, हुशार मुलांचंही होतं. मग प्रश्न असा की सुधारायला एक सेमिस्टर प्रोबेशन देतात का, समर क्लास घेऊन जीपीए वर आणला तर चालतो का, एकदा गेलेली स्कॉलरशिप परत मिळते का. मेजर म्हणजे मुख्य विषय बदलला आणि नववं सेमिस्टर लागलं तर ते पूर्ण दराने भरायचं, तेव्हा वरच्याच हिशोबाने त्या एका सेमिस्टरचे चोवीस हजार आजच बाजूला धरा.

तिसरा दावा, वर्षभर राहिलं की रेसिडेंट, हा सगळ्यात जास्त नुकसान करणारा आहे, कारण लोक पहिल्याच वर्षाची सोय करतात आणि पुढचं ‘होईल इन-स्टेट’ म्हणून सोडून देतात. होत नाही हो. मूल तुमच्यावर अवलंबून आहे तोवर बहुतेक राज्यं त्याचं घर म्हणजे आईवडलांचं घर असंच धरतात, आणि शिकायला म्हणून येऊन राहिलेला काळ रेसिडेन्सीत मोजत नाहीत. कॅलिफोर्नियात ३६६ दिवस राहणं ही नुसती सुरुवात आहे, २४ च्या आतल्या अविवाहित मुलाला शिवाय आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र असल्याचं दाखवावं लागतं. तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं, टॅक्स रिटर्नमधून मुलाचं नाव काढलं, एवढ्याने काम होत नाही. युटासारख्या एखाद-दुसऱ्या राज्यात वाट त्यामानाने मोकळी आहे, पण तिथलेही नियम रजिस्ट्रारकडून लेखी घ्या, कुणाच्या भाच्याचं झालं म्हणून आपलंही होईल असं धरू नका.

बाहेरच्या छोट्या स्कॉलरशिपबद्दल थोडक्यात. पाचशे-हजार डॉलरच्या बहुतेक एकदाच मिळतात. आणि मुलाला गरजेवर आधारित मदत मिळत असेल तर बाहेरून पैसे आले की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढी कमी करतात, मेरीलँडने २०१७ मध्ये पब्लिक कॉलेजांना यावर कायद्याने बंधन घातलं ते याचमुळे. शिवाय स्कॉलरशिपचा जो भाग राहण्या-जेवणावर जातो त्यावर टॅक्स लागतो. मुलांनी अर्ज जरूर करावेत, पण चार वर्षांची भोकं यातून बुजत नाहीत.

मेसेजमध्ये एक गोष्ट साफ गायब आहे, ती म्हणजे बाहेर जाताना घरचं काय सुटतं. जॉर्जियात लॉटरीच्या पैशावर १९९३ पासून होप स्कॉलरशिप आहे, वरच्या मार्कांच्या मुलांना झेल मिलर नावाची स्कॉलरशिप, त्यात तिथल्या पब्लिक युनिव्हर्सिटीचं पूर्ण ट्यूशन निघतं. फ्लोरिडात तशीच राज्याची ब्राइट फ्यूचर्स. ही मदत राज्याबाहेर नेता येत नाही. जॉर्जियातल्या अल्फारेट्टातल्या घराने १५,००० ची ऑफर घेऊन बाहेर जायचं ठरवलं तर त्यांची तुलना शून्य ट्यूशनवरच्या जॉर्जिया टेकशी आहे, हे आधी कागदावर लिहावं.

आता मेसेज जिथे बरोबर आहे तेही सांगायलाच हवं. टेक्सासमध्ये कायदाच आहे की पब्लिक युनिव्हर्सिटीची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक स्कॉलरशिप मिळाली तर बाहेरच्या मुलाला इन-स्टेट दर लागू शकतो, यूटी डॅलसकडे (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, डॅलस) आपली मुलं वळतात त्यात याचा वाटा आहे. पण ती स्कॉलरशिप गेली की हजार डॉलरच जात नाहीत, इन-स्टेट दरही जातो, बिल एका झटक्यात कुठल्या कुठे. पश्चिमेकडच्या राज्यांत डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज) म्हणून करार आहे, त्यात इन-स्टेटच्या दीडपटीपर्यंतच ट्यूशन लागतं, मिडवेस्टमध्ये तसाच एक आहे, दक्षिणेत अकॅडमिक कॉमन मार्केट. हे खरंच चांगले सौदे आहेत आणि यांची नावं पण माहीत नसलेले पालक मला भेटतात. फक्त सगळी कॉलेजं आणि सगळी मेजर यात नसतात, आणि न्यू जर्सी, न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया ही राज्यं यातल्या कुठल्याच करारात नाहीत, म्हणजे न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या घराला यांचा उपयोग नाही.

आणि एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या मुलांच्या पालकांनी तर हा मेसेज बाजूलाच ठेवावा. एफएएफएसए (सरकारी मदतीचा अर्ज) नाही, फेडरल लोन नाही, होप आणि ब्राइट फ्यूचर्सला सिटिझन किंवा ग्रीन कार्डसारखं स्टेटस लागतं. बऱ्याच राज्यांत एच-४ वर घरच्या राज्याचा इन-स्टेट दर मात्र मिळतो, आणि तेवढाच एक मोठा आधार हातात असताना तो सोडून बाहेर जाणं फार विचार करून ठरवायची गोष्ट आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असताना मूल २१ चं झालं की एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, म्हणजे बहुतेकांचं तिसरं-चौथं वर्ष, तेव्हा स्कॉलरशिप तशीच राहते का हे आत्ताच विचारा. ग्रीन कार्डवाल्यांनीही एक ध्यानात घ्या, पेरेंट प्लस लोन (पालकांनी घ्यायचं फेडरल लोन) पूर्वी कमी पडेल तेवढं सगळं मिळायचं, १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० एवढंच. त्याच्या वरची रक्कम म्हणजे प्रायव्हेट लोन, तुमच्या सहीचं.

डिपॉझिट भरायच्या आत फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करा, फोन नको, उत्तर लेखी हवं. गेल्या पाच वर्षांत आउट-ऑफ-स्टेट ट्यूशन दरवर्षी किती होतं, स्कॉलरशिप ट्यूशनबरोबर वाढते का, जीपीए घसरला तर काय, मेजर बदललं तर काय, नववं सेमिस्टर लागलं तर काय. आणि दुसऱ्या कॉलेजची चांगली ऑफर हातात असेल तर त्याच मेलमध्ये पीडीएफ जोडून स्पष्ट विचारा की काही वाढवता येईल का, यात लाजण्यासारखं काही नाही, रक्कम कधीकधी वाढते, आणि नाही वाढली तरी आधीची ऑफर कुणी काढून घेत नाही.