मेलेल्याला मेलेलं राहू द्या!

हल्ली सुपरहिरोच्या सिनेमात कुणी मेलं तर थिएटरात कुणी हळहळत नाही. शेजारचं पोरगं लगेच मोबाइल काढून बघतं, पुढच्या भागात या नटाचं नाव आहे का. आणि असतंच! मला राग त्या पोराचा येत नाही, त्याला ही सवय ज्यांनी लावली त्यांचा येतो.

मार्व्हलच्या सिनेमांतला आयर्न मॅन, म्हणजे टोनी स्टार्क, 2019 च्या 'एंडगेम'मध्ये गेला. 2008 पासून त्या माणसाला आम्ही बघत आलो होतो. माजोरडा, पैशात लोळणारा शस्त्रांचा व्यापारी ते जगासाठी जीव देणारा बाप, हा सगळा प्रवास डोळ्यांदेखत झाला. शत्रूची फौज संपवणारी चुटकी वाजवल्यावर त्याची अर्धी बाजू जळालेली असते, तोंडातून शब्द फुटत नाही आणि बायको त्याला सांगते की आता तू विसावा घे. थिएटरात हुंदके ऐकू येत होते. मीही रडलो. आणि 2024 च्या जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात हिरवा झगा घातलेला माणूस मुखवटा काढतो, तर आत कोण? टोनी साकारणारा रॉबर्ट डाउनी ज्युनिअर! आता हाच डॉक्टर डूम!

"अरे, पात्र वेगळं आहे" हे मला ऐकवू नका. डूम कोण हे मला चांगलं ठाऊक आहे. 1962 पासूनचा खलनायक, लॅटव्हेरियाचा राजा, फँटॅस्टिक फोर या सुपरहिरो चौकडीचा हाडवैरी. इतक्या तोलामोलाच्या पात्राला स्वतःचा चेहरा मिळायला नको? पण 'एंडगेम'ने जवळपास 280 कोटी डॉलर कमावले आणि 2023 चा 'द मार्व्हल्स' 21 कोटींच्या आतच आटोपला. मग मार्व्हलवाल्यांची तंतरली आणि हमखास गल्ला भरणारा चेहरा पुन्हा उभा केला. म्हणजे टोनीच्या मरणावरही पाणी आणि डूमवरही अन्याय.

थॉरचा भाऊ लोकी, त्याचं तर विचारूच नका. 2018 मध्ये खलनायक थॅनॉस त्याचा गळा आवळतो आणि वर बजावतो की या वेळी परत उठणं नाही. तीन वर्षांत त्याच्याच नावाची मालिका! थॅनॉसने आपल्या मानलेल्या मुलीला, गमोराला, कड्यावरून ढकललं, पुढच्याच सिनेमात जुन्या काळातली गमोरा हजर. मल्टिव्हर्स (म्हणजे अनेक समांतर विश्वं) आणि टाइम ट्रॅव्हल म्हटलं की यांना सगळं माफ.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते एक्स-मेनमधल्या लोगनच्या, म्हणजे वुल्व्हरिनच्या वेळी. 2017 चा 'लोगन' हा सिनेमा म्हणजे या सगळ्या पसाऱ्यातलं सोनं. थकलेला, जखमा भरून न येणारा वुल्व्हरिन अखेर मरतो आणि त्याची मुलगी लॉरा त्याच्या थडग्यावरचा क्रॉस तिरका करून एक्स-मेनचा एक्स करते. बस, इथे संपायला हवं होतं. 2024 मध्ये काय केलं? डेडपूल हा वात्रट सुपरहिरो तीच कबर उकरतो, लोगनचा सांगाडा बाहेर काढतो आणि त्याच्याच हाडांनी शत्रूंना मारतो, वर गाण्यावर नाचतो. लोक शिट्ट्या मारत होते. मला हसू आलं नाही. याला मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात.

आणि 'स्टार वॉर्स'मधला दुष्ट सम्राट पाल्पटीन! 1983 मध्ये त्याचाच साथीदार डार्थ व्हेडरने स्वतःचा जीव घालवून त्याला खाईत फेकलं. मुलासाठी बापाने केलेलं एवढं मोठं प्रायश्चित्त. 2019 मध्ये तो म्हातारा परत आला. कसा आला? एक पात्र म्हणतं, कसाबसा आला, बुवा. झालं स्पष्टीकरण! त्याच्या परत येण्याची ती धमकीची घोषणा तर सिनेमात नव्हतीच, ती 'फोर्टनाइट' या व्हिडिओ गेममध्ये ऐकवली होती. चाळीस-चाळीस वर्षं जीव लावणाऱ्या माणसांच्या तोंडाला पानं पुसली.

परत आणूच नका असं मी म्हणत नाही. 'स्टार ट्रेक'मधला स्पॉक 1982 मध्ये काचेपलीकडे हात टेकवून मेला आणि 1984 मध्ये परत आला. पण त्यासाठी अख्खा सिनेमा खर्ची पडला. त्याचा कॅप्टन मित्र कर्कने पोटचा मुलगा गमावला, स्वतःचं जहाज स्वतःच्या हाताने उडवलं, आणि एवढं करून परत आलेल्या स्पॉकला धड ओळखही पटत नव्हती. किंमत मोजली होती त्यांनी!

"कॉमिक्समध्ये असंच चालतं" म्हणणाऱ्यांनी स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी आठवावी. 1973 मध्ये कॉमिकमध्ये ती पडली, 2014 मध्ये पडद्यावर पडली, दोन्ही वेळा स्पायडरमॅनच्या जाळ्याने तिला धरूनही ती वाचली नाही. म्हणून 2021 मध्ये अँड्र्यू गारफिल्डचा पीटर, म्हणजे 2014 चाच स्पायडरमॅन, दुसऱ्या स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, कोसळणाऱ्या एमजेला, झेलतो तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. ती त्याला विचारते की तू ठीक आहेस ना, आणि त्याला बोलताच येत नाही. काही सेकंदांचा प्रसंग, पण ग्वेन खरोखर मेली होती म्हणून तो काळजात घुसतो.

एवढी हिंमत नसेल तर मारू नका ना कुणाला! जगू द्या, म्हातारे होऊ द्या, निवृत्त करा. पण आधी आम्हाला रडवायचं, त्याचे पैसे घ्यायचे आणि पाच वर्षांनी तेच रडणं खोटं ठरवायला पुन्हा तिकीट काढायला लावायचं, हे आता पुरे झालं.