औषध फवारणाऱ्या ड्रोनवाल्याला कुणीतरी एकदा भाताच्या खाचरात उतरवा रे!

आला तोच मुळी दुपारी बारा वाजता. वारा सुटलेला, आणि हा बांधावर गाडी लावून विचारतो, "काका, औषध तुमचं की आमचं?" अरे, आधी भात तरी बघ! मीटिंगमध्ये काय सांगितलं होतं आमच्या शेतकरी गटाला? आम्ही पाहणी करणार, गरज असेल तिथंच मारणार, औषधाचा खर्च खाली येणार. पाहणी म्हणजे गाडीची काच खाली करून बघणं होय?

मी सकाळीच उतरून बघितलं होतं. चूड, म्हणजे एका जागचा भाताचा झुबका, वाकवून हलवायचा, पाण्यावर पडलेले रस शोषणारे तुडतुडे मोजायचे. कुठं दोन, कुठं तीन. चुडाला 5 ते 10 झाल्याशिवाय फवारायचं नाही, ही शिफारस काय आज आलीय? शिवाय बुंध्याशी तुडतुडे खाणारे कोळी फिरताना दिसत होते, म्हणजे राखण चालू होती. तर म्हणे, "आलोच आहे तर मारून टाकतो, शिराळ्यातनं परत हेलपाटा परवडत नाही." आणि टाकीत ओतलं काय, तर सायपरमेथ्रिन! त्यानं कोळी आधी मरतात आणि तुडतुडे मागनं दुप्पट जोमानं उठतात. शिवाय तुडतुडा बसतो खाली बुंध्याला. एकराला दहा लिटर पाणी वरनं शिंपडून पोटरीतल्या, लोंबी पोटात धरलेल्या दाट इंद्रायणी भातात ते पोचणार कुठं? पोचलं ते बांधावरच्या गवतावर, वाऱ्यासंगं. आता म्हशीला काय, ड्रोनचं माहितीपत्रक घालू?

मी खालनं हात वर करून ओरडतोय, "बंद कर, बंद कर!" पंख्याच्या आवाजात त्याला काय ऐकू जातंय. गल्लीतल्या पोरांनी व्हिडिओ काढला. गावाच्या ग्रुपवर मी आता विमानाशी भांडणारा म्हातारा आहे. बायकोनं पण दोनदा बघितला.

आणि हे पीक वाढीचं टॉनिक! दुकानात खोडकिडीचं औषध मागा, सोबत हिरवी बाटली येतेच. नको म्हटलं की दुकानदार असा बघतो, जशी मी त्याच्या पोरीची सोयरीक मोडली. शेजारचा तर युरिया पोत्यानं ओततो, त्याचं भात काळंभोर, लुसलुशीत, तुडतुड्यांचं माहेर. त्याला कोण बोलणार? भावकी आहे.

चीननं 2015 मध्ये ठरवलं, 2020 पर्यंत औषधांचा वापर वाढू द्यायचा नाही, आणि त्यासाठी फवारणी अशा सेवा पथकांकडं सोपवण्यावर जोर दिला. कल्पना वाईट नाही हो! पण इथं पैसे मोजायचे एकराला आणि टाकीला. 'काका, यंदा गरज नाही' असं म्हणाला तर त्याच्या ड्रोनच्या कर्जाचा हप्ता कोण भरणार? बघायचे पैसे घे की बाबा, आनंदानं देतो. उतर चिखलात, मोज, आणि परत जा.

संध्याकाळी बिल आलं. टॉनिक वेगळं लावलंय. खाली लिहिलंय, पंधरा दिवसांनी दुसरा हात मारल्यास दहा टक्के सूट.