पंधरा-चाळीस की वीस-चाळीस?

द्राक्षबागाईतदाराला वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात, एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, हे आमच्या निफाड तालुक्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तिसऱ्या छाटणीविषयी मात्र कोणी बोलत नाही. ती बागाईतदाराच्या आत्मविश्वासाची असते आणि ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल बदलण्याचा विचार त्याने चारचौघांत बोलून दाखवल्याबरोबर सुरू होते. बत्तीस वर्षे भूगोल शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा वडिलोपार्जित पाच एकर बाग माझ्या अंगावर पडली आणि तिच्याबरोबर चोवीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, चढ दिसला की माझ्याप्रमाणेच धापा टाकणारा एक छोटा ट्रॅक्टरही आला.

ऑइल बदलण्याची वेळ झाली की नाही हे ज्याने सांगायचे, तो अवरमीटर दोन वर्षांपासून ११८३ या आकड्यावर ध्यानस्थ बसलेला होता. दर २५० तासांनी ऑइल बदलावे, असे मिस्त्री सांगत असे. पण तास मोजायचे कसे? शेवटी मी फवारणीची वही काढली. एका फवारणीला अडीच तास, परतीचा पाऊस लांबला आणि डाऊनी या बुरशीरोगाची भीती वाटू लागली की दिवसाआड एक फवारणी, शिवाय शेणखताच्या खेपा, अशी सगळी बेरीज केली तेव्हा उत्तर ४१० आले. बेरीज चुकली असावी म्हणून पुन्हा केली, तर ४३५ आले. तिसऱ्यांदा करण्याचे धैर्य मला झाले नाही.

पहिला सल्ला घरातूनच मिळाला. माझे चुलते, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, चौऱ्याऐंशी वर्षांचे असून गावातील यंत्रयुगाचे आद्य साक्षीदार आहेत. त्यांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजण्याची पट्टी, उपसली, तिच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये घेतला, नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याप्रमाणे डोळे मिटून तो चोळला आणि म्हणाले, "अरे, याच्यात जीवच राहिला नाही. चाळीस नंबर टाक. विहिरीवरच्या इंजिनाला आम्ही जन्मभर चाळीस नंबर टाकला." त्या इंजिनाचा आवाज मला अजून आठवतो. त्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस तंबाखू मळून घेऊ शकत असे. अशा संथ इंजिनाला सुखाने मानवणारे जुने एकेरी ग्रेडचे तेल मिनिटाला अडीच हजार फेरे मारणाऱ्या यंत्रात ओतणे योग्य होईल का, अशी शंका मी नम्रपणे काढली. त्यावर नानांनी, भूगोलाच्या मास्तरने इंजिनात नाक खुपसू नये, असा अर्थ निघेल अशा मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी पारावर हा प्रश्न आपोआप चर्चेला आला. मी तो मांडला नव्हता, पण नाना माझ्याआधी तेथे पोहोचले होते. डब्यावर १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० अशी छापलेली जी तेलाच्या दाटपणाची दोन मापे असतात, त्यांवरून गावाचे तत्काळ दोन पक्ष झाले. वीस-चाळीस पक्षाचे म्हणणे असे, की आपल्याकडच्या उन्हात पातळ तेलाचे पाणी होते, म्हणून जाडच तेल हवे. पंधरा-चाळीस पक्षाचे म्हणणे असे, की सकाळी पहिल्या सेलला तेल वरपर्यंत चढले नाही तर इंजिन कोरडे झिजते. दोन्ही बाजूंना इतकी माणसे होती, की ही निवडणूक असती तर फेरमोजणी घ्यावी लागली असती. माझ्या पुतण्याने तेवढ्यात मोटारसायकलच्या ऑइलची अर्धी उरलेली बाटली आणून दिली आणि "काका, हे तर टाकून संपवा," असे म्हणाला. तिच्यावर 'एसएन' ही अक्षरे होती. मी ती बाटली घेतली नाही, पण त्या अक्षरांनी माझी झोप मात्र घेतली.

त्या रात्री मी ट्रॅक्टरची पुस्तिका शोधून काढली. खरे उत्तर तिच्यात असणारच, या श्रद्धेने मी ते पान उघडले आणि वाचले: पंधरा-चाळीस अथवा वीस-चाळीस, सीएफ-४ किंवा त्याहून वरच्या दर्जाचे. त्या 'अथवा' शब्दाने मला जितके दुखावले, तितके नानांच्या मुद्रेनेही दुखावले नव्हते.

मग मी शिक्षकी पेशाला साजेसा अभ्यासच केला. पहिल्या आकड्यापुढील डब्ल्यू हा हिवाळ्याचा निघाला. बरणीतील वजनाशी त्याचा काही संबंध नव्हता. पंधरा डब्ल्यूचे तेल उणे २० अंश सेल्सिअसला आणि वीस डब्ल्यूचे उणे १५ अंशांना इंजिन फिरू देते की नाही, याची परीक्षा घेतलेली असते. आता निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे, हे खरे. पारा चार-पाच अंशांवर उतरला की मणी तडकू नयेत म्हणून आम्ही रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करतो आणि सकाळी वर्तमानपत्रात आमचे छायाचित्र येते. परंतु उणे पंधरा की उणे वीस हा वाद गोदाकाठी पार रंगवून घालावा, इतकी वेळ आमच्यावर अजून आलेली नाही. उरला दुसरा आकडा, तो १०० अंशांवरच्या दाटपणाचा. आणि तो दोन्ही तेलांत एकच, चाळीस! म्हणजे इंजिन तापल्यावर दोन्ही तेलांना एकाच मर्यादेत राहावे लागते आणि पारावरचे दोन्ही पक्ष, प्रत्यक्षात सत्तेवर आल्यानंतर, जवळपास सारखेच वागतात.

अक्षरांचा उलगडाही झाला. एसने सुरू होणारी अक्षरे पेट्रोलच्या इंजिनांची आणि सीने सुरू होणारी डिझेलची, त्यामुळे पुतण्याच्या बाटलीला ट्रॅक्टरमध्ये प्रवेश नव्हता. सीएफ-४ हा दर्जा १९९०चा, सीएच-४ हा १९९८चा, सीआय-४ हा २००२चा आणि सीके-४ हा २०१६चा. पुढचा चार हा आकडा चार स्ट्रोकच्या इंजिनाचा असून प्रत्येक यत्तेत मिळालेले गुण नव्हेत, हे कळायला मला अर्धा तास लागला. नवी यत्ता जुन्या यत्तेचे काम करू शकते, एवढे समजल्यावर मी सीआय-४ दर्जाचे पंधरा-चाळीस घेण्याचे ठरवले आणि विद्वान माणसाच्या चालीने पिंपळगाव बसवंतला गेलो.

दुकानदाराने माझे पाठांतर शांतपणे ऐकले आणि एकच प्रश्न विचारला: "सर, ब्रेक कोरडे आहेत की तेलातले?" इंजिनाच्या तेलाशी ब्रेकचा काय संबंध, असे मी विचारले, तेव्हा मागच्या गिअरच्या पेटीचे तेलही बदलायचे असेल तर तिला वेगळे तेल लागते, आणि ब्रेक तेलात बुडालेले असतील तर त्याहूनही वेगळे, असे उत्तर मिळाले. ब्रेकला तेल लागले तर तो लागत नाही, या बालपणापासूनच्या समजुतीवर मी सायकल, स्कूटर आणि संसार चालवला होता. ज्या ट्रॅक्टरवर मी सहा वर्षे निर्धास्त बसलो, त्याचे ब्रेक तेलातच राहतात आणि त्यामुळेच थंड राहतात, ही माहिती मिळाल्यावर मी क्षणभर दुकानातील स्टुलावर बसलो. मागच्या पेटीचा विषय पुढच्या वर्षावर ढकलला.

खरी पंचाईत मापाची होती. माझ्या इंजिनाला फिल्टरसह साडेपाच लिटर तेल लागते, आणि समोर डबे होते एक पाच लिटरचा व एक साडेसातचा. पाच घ्यावे तर अर्धा लिटर कमी पडतो आणि पुतण्याची बाटली डोळ्यांसमोर नाचू लागते. साडेसात घ्यावे तर दोन लिटर उरते. अखेर साडेसाती मी स्वतःच्या हाताने उचलून, पैसे मोजून, घरी आणली.

मिस्त्रीने इंजिन दहा मिनिटे चालवून तापवले, कारण गरम तेल गाळासकट खाली येते, आणि मग चेंबरचा नट काढण्याचा मान मला दिला. गरम तेल नटाच्या नंतर येत नाही, नटाबरोबरच येते, हे पुस्तिकेत लिहिलेले नव्हते. मी हात झटकत असताना मिस्त्रीने नव्या डब्याचे झाकण उघडले, त्याखालचे मिस्त्रींसाठीचे बक्षिसाचे कूपन काढून अत्यंत निर्विकारपणे खिशात टाकले आणि "हेच ऑइल मी तुम्हाला सांगणार होतो," असे म्हणाला. काम झाल्यावर त्याने रिकामा होणारा डबाही मागून पाहिला. असे डबे कुठे जातात आणि पुन्हा कशाने भरून दुकानात येतात, याच्या कथा मी ऐकून असल्याने डब्याला तळाशी खिळ्याने भोक पाडीन, असे मी जाहीर केले; तर घरातून आवाज आला, "अहो, त्यात मी कढीपत्ता लावणार आहे, एकच भोक पाडू नका, चार पाडा." उरलेल्या दोन लिटरपैकी थोडे एअर क्लीनरच्या वाटीत गेले. जुने काळे तेल मात्र नानांनी वाळवी लागलेल्या खांबांसाठी हक्काने नेले. ज्या तेलात जीव उरला नव्हता, ते वाळवीचा जीव घेण्यास पुरेसे होते.

दोन फवारण्या झाल्या आणि तिसऱ्या सकाळी नाना पुन्हा आले. त्यांनी डिपस्टिक उपसली. परवा मधासारखे दिसलेले तेल काजळीसारखे काळे झाले होते. "फसवलं तुला," ते म्हणाले. मी त्यांना बांधावर बसवले आणि सविस्तर सांगितले, की डिझेलच्या ज्वलनातून काजळी निघतेच. चांगल्या तेलाचे काम ती इंजिनाला चिकटू न देता स्वतःच्या पोटात धरून ठेवण्याचे असते. त्यामुळे ते लवकर काळे होणे हे खोटेपणाचे नव्हे, तर कामाचे लक्षण आहे. आणि काळजी करायचीच असेल तर ती तेल ताकासारखे पांढरट दिसले तर करावी, कारण मग आत पाणी शिरलेले असते. बत्तीस वर्षांत एकाही वर्गाने माझे इतके शांतपणे ऐकले नव्हते.

"ते सगळं खरं असेल," नाना उठत म्हणाले, "पण चिकटपणा नाही रे."

ते बांधावरून दिसेनासे होईपर्यंत मी डिपस्टिक हातात धरून उभा होतो. मग आजूबाजूला कोणी नाही असे पाहून मी तिच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घेतला आणि डोळे मिटून चोळला. तेल खरोखरच थोडे पातळ वाटले.