इन्फ्रारेडची दरवेळची रडकथा
लिनक्स या संगणकप्रणालीवर जुना इन्फ्रारेड पोर्ट (अदृश्य किरणांनी बिनतारी माहिती देण्याघेण्याची सोय) चालू करायचा म्हटले की दरवेळी तोच वैताग नशिबी येतो. संगणक सुरू होताच सिरियल पोर्टचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) ते हार्डवेअर बळकावून बसतो, त्यामुळे ‘सेटसिरियल’ आज्ञेने त्याला आधी हुसकावल्याशिवाय इन्फ्रारेडचा वेगवान ड्रायव्हर लोडच होत नाही. बरे, एवढे करून इन्फ्रारेड जोडणी सुरू करणारी ‘आयआरअटॅच’ आज्ञा चालवावी, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, पोर्टच बंद ठेवलेला निघतो. त्यात २०१८ साली कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ४.१७ आवृत्तीतून इर्डाचा (इन्फ्रारेड संपर्काच्या नियमसंचाचा) अख्खा कोडच काढून टाकण्यात आला. तो सांभाळायला कोणी उरले नव्हते हे मान्य, पण पाण्यात बुडी मारणाऱ्या ज्या लोकांच्या मनगटावरील जुन्या डाइव्ह कॉम्प्युटरमधील (बुडीची खोली व वेळ मोजणाऱ्या यंत्रातील) नोंदी केवळ इन्फ्रारेडनेच बाहेर काढता येतात, त्यांनी सुरक्षेच्या दुरुस्त्यांवर पाणी सोडून जुने कर्नेल किती काळ कवटाळून बसायचे?