सोवळ्यातलं पीएच

घरात पीएच मीटर (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी ते सांगणारं यंत्र; ७ म्हणजे मधोमध, खाली आंबट) आणणं म्हणजे सोवळं पाळणाऱ्या आजेसासूबाईंना कायमचं राहायला बोलावणं. दिसायला बिचारं पेनाएवढं. खोक्यात मीटर जुळवून घ्यायच्या, ठरलेल्या पीएचच्या तीन पुड्या: ४.००, ६.८६ आणि ९.१८. आपल्याला फक्त नळाचं पाणी तपासायचं असतं. पण पहिला हुकूम सुटतो की एकेक पुडी २५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. पाणी बघायला आधी पाणी विकत आणा!

टोकाचा काचेचा फुगा कोरडा असला तर तोंड उघडत नाही. तो ३ मोलर (मोलर हे तीव्रतेचं माप) पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवायचा, अगदीच वाळला असेल तर रात्रभर. डिस्टिल्ड पाण्यात मात्र ठेवायचा नाही, कारण आतलं क्षार हळूहळू झिरपून बाहेर जातं. आत्ताच विकत आणायला लावलेल्या पाण्याचं लगेच वावडं.

मग आन्हिक. आधी ६.८६, मग आपला नमुना आंबट असेल तर ४.००, नाहीतर ९.१८. मध्ये प्रत्येक वेळी धुवायचं आणि मऊ कागदाने टिपायचं. खसाखसा पुसलं की काचेवर विद्युतभार साचतो आणि आकडे भरकटतात. वाटीतलं वापरलेलं द्रावण बाटलीत परत ओतायचं नाही, ते उष्टं. ९.१८ची वाटी तर उघडी ठेवायचीही सोय नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन ती खाली घसरते. शिवाय ९.१८ हा मान २५ अंशांचा. मे महिन्यात ३५ अंशांना तेच द्रावण ९.१० असतं, आणि आपण त्याच्या तोंडून ९.१८ वदवून घेत बसतो.

एवढं झाल्यावर नळाचं पाणी. ७.६२. ७.५८. ७.७१. यातल्या दुसऱ्या दशांशाला माझ्या लेखी पंचांगातल्या पावसाइतकीच किंमत आहे. स्वस्त पेनाचा ०.१ पर्यंत भरवसा धरावा. पण हा ०.१सुद्धा साधासुधा नाही. सोरेनसेन यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (होय, बिअरवाल्यांच्याच) ही मोजपट्टी मांडली ती लॉगरिदमची. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांचं (विद्युतभारित कणांचं) प्रमाण ०.००००००१ मोलर असं लिहिण्यापेक्षा ७ लिहिणं सुटसुटीत, हे खरंच. पण त्या सुटसुटीतपणात एका अंकाचा फरक म्हणजे प्रमाणात दहापट आणि ०.३ चा म्हणजे दुप्पट, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आरओचं पाणी मोजायला जाल तर आणखी पंचाईत. त्यात आयन इतके कमी की मीटरला धड विद्युतमार्गच मिळत नाही. आकडा डुलत राहतो. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरला की शुद्ध पाणीही ५.६ च्या आसपास येतं. त्यावरून ‘आमचं पाणी अ‍ॅसिडिक’ म्हणून घरात हलकल्लोळ माजवू नये. पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही गंमत आहे. कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात, १२ च्या पुढे, काच सोडियमलाच हायड्रोजन समजून ‘या, बसा’ म्हणते आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. ‘ऑटो टेम्परेचर’ हे बटण फक्त काचेच्या संवेदनेतला फरक सावरतं. ६० अंशांच्या पाण्याचा उदासीन बिंदूच (ना आम्ल, ना अल्क अशी जागा) ६.५ वर आलेला असतो, तिथे ते बटण काय करणार?

सगळ्यात मोठा गैरसमज वेगळाच आहे: पीएचवरून एकूण आम्ल किती ते कळतं. पाच टक्क्यांच्या व्हिनेगरचा पीएच साधारण २.४, पाण्यात जेमतेम ०.००४ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तरी तेवढाच. पण लिटरभर व्हिनेगरमधलं आम्ल मारायला सुमारे ३३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, दुसऱ्याला चिमूटभरही नाही. पीएच या घडीला मोकळे सुटलेले हायड्रोजन मोजतं. कोठारात किती दडलेत ते सांगत नाही. त्याला टायट्रेशनच (आम्ल पुरतं मारायला किती अल्क लागतं ते मोजणं) हवं.

मीटर दह्यात बुडवलं असेल तर लगेच कोमट पाण्याने आणि भांड्याच्या पातळ साबणाने धुवा. प्रथिनं बारीक छिद्रात बसली की संपलं. नीट जपूनही काच वर्ष-दोन वर्षांत म्हातारी होतेच. अल्क हळदही ओळखते, पण तिला यातलं काहीच लागत नाही. शर्टावरचा तिचा डाग साबण लागताच लाल होतो, चुना घातला की तिचंच कुंकू होतं. फक्त आकडा विचारायचा नाही.

आणि हो, झोपण्यापूर्वी टोपणात पोटॅशियम क्लोराइडचे थेंब टाका. सकाळी कडेला पांढरे कण दिसले तर ते वाळलेलं क्षार आहे. धुतलं की जातं.