एक स्टार देणाऱ्या दादांना: पीएस ५, काळी स्क्रीन आणि माझी चूक

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकान बंद करताना वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी रजिस्टर काढून तुमच्या मशीनची नोंद बघायची होती. ती बघून मगच हे लिहायला बसलोय.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: टीव्हीवर चित्र येत नाही म्हणून मे महिन्यात पीएस ५ (प्लेस्टेशन ५, गेम खेळायचं मशीन) सांगलीला माझ्याकडे दुरुस्तीला दिला. मी बारा दिवस ठेवून घेतला, एचडीएमआय पोर्ट (टीव्हीची केबल खोचायची जागा) बदलून ३,८०० रुपये घेतले आणि घरी नेल्यावर आठ दिवसांत स्क्रीन पुन्हा काळी झाली. परत आणला तर आयसी (पोर्टमागची, टीव्हीला चित्र पाठवणारी चिप) गेलाय म्हणून आणखी ४,५०० सांगितले. दीडशेच्या जॉयस्टिकचे ७०० लावले. मुलाच्या जुन्या पीएस ४ मध्ये गेम टाकून दिले नाहीत. दुसरा एक जण बोर्ड गरम करून ५०० रुपयांत चालू करून देतो म्हणतोय. आणि शेवटी, "लुटायचं दुकान आहे."

पोर्टच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. तिथं चूक माझी झाली.

मशीन आलं तेव्हा पोर्टच्या आतली प्लास्टिकची जीभ तुटलेली होती आणि दोन पिना वाकलेल्या होत्या. दोष इतका उघड दिसत होता की मी त्याच्या पलीकडे बघितलंच नाही. पोर्ट काढला, नवा बसवला, कुठल्या दोन पिना एकमेकींना चिकटल्या नाहीत ना ते मीटरच्या बीपवर बघितलं आणि दुकानातल्या टीव्हीला जोडला. चित्र आलं. अर्धा तास गेम चालवला आणि तुम्हाला फोन केला.

दुकानातला तो टीव्ही जुना, १०८०पी चा. तुमचा घरचा टीव्ही ४के. ४के मध्ये चौपट ठिपके असतात, म्हणजे त्याच तारांमधून कितीतरी जास्त वेगाने माहिती पळवावी लागते. एखादी लाइन अर्धवट जखमी असेल तर १०८०पी चा भार ती ओढते आणि ४के ला कोलमडते. तुम्ही दुसऱ्यांदा आलात तेव्हा म्हणालात की आधी दोन-तीन दिवस चित्र मध्येच जायचं आणि यायचं, मग कायमचं गेलं. ते अगदी असंच होतं.

अशी जखमी लाइन पकडायची रीत ठरलेली आहे. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी चित्र वाहणाऱ्या चार जोड्या, म्हणजे आठ लाइन. मीटर डायोड मोडवर ठेवून एकेक मोजायची. आठही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखादा वेगळा आला तर मागच्या आयसीकडे किंवा वाटेतल्या बारीक पार्टकडे बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही परत आलात तेव्हा मी ते केलं. सात सारखे आणि एक बराच खाली. तो पहिल्या दिवशीही खालीच असणार. तेव्हाच दिसला असता तर पोर्ट आणि आयसी दोन्हींचा खर्च एकदमच सांगितला असता आणि करायचं की नाही ते तुम्ही ठरवलं असतं. मी मात्र तुमचे ३,८०० गेल्यावर दुसरा आकडा सांगितला. राग येणारच.

मला जास्त लागतंय ते वेगळ्या कारणाने. हे मोजायची शिस्त मला २०१९ च्या पुराने लावली होती. त्या ऑगस्टमध्ये गावभागापासून मारुती चौकापर्यंत कृष्णा घराघरांत शिरली आणि पाणी ओसरल्यावर माझ्याकडे पोत्यातून कन्सोल आले. पीएस ३, पीएस ४, एक जुना पीएस २ सुद्धा. आत सगळा गाळ. धुतले, वाळवले की त्यातले बरेच चालू व्हायचे. लोक आनंदाने घेऊन जायचे आणि पंधरा दिवसांत रडवेल्या पोरांना घेऊन परत यायचे, कारण चिपखाली राहिलेला ओलसर गाळ आतून तांबं खात असायचा. तेव्हा ठरवलं होतं की चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं असं धरायचं नाही, मोजल्याशिवाय मशीन द्यायचं नाही. ती सवय मी मे महिन्याच्या गर्दीत सोडली. शाळांना सुट्टी, बाकावर तीस-पस्तीस मशिनं, रोज फोन. गर्दी होती हे तुम्हाला सांगून उपयोग नाही. तुमच्या मुलाच्या सुट्टीतले बारा दिवस गेले ते गेलेच.

बारा दिवस का लागले तेही सांगतो. पीएस ४ चा पोर्ट पीएस ५ ला बसत नाही. मुंबईहून मागवलेल्या पहिल्या लॉटमधले पोर्ट हलके निघाले, गरम हवा लागली की प्लास्टिक मऊ पडायचं. तसला पोर्ट तुमच्या बोर्डावर बसवायचा नव्हता, म्हणून दुसरा लॉट येईपर्यंत थांबलो. थांबलो ते बरोबर केलं असं मी अजूनही म्हणेन. फोन करून कळवलं नाही, ते चुकलं.

आणखी एक गोष्ट मी पहिल्या दिवशी विचारायला हवी होती. परत आलात तेव्हा बोलता बोलता तुम्ही म्हणालात की वळवाच्या पावसात वीज कडाडली त्या संध्याकाळनंतर चित्र गेलं, आणि एरवीही केबल हातात धरली की झिणझिण्या येतात. माझ्या नोंदीत फक्त "केबल ओढली गेली, पोर्ट तुटला" एवढंच होतं. पीएस ५ ची पॉवर वायर दोन पिनांची असते, त्याला स्वतःचं अर्थिंग नाही. तो टीव्हीशी एचडीएमआयने जोडलेला, टीव्ही सेट टॉप बॉक्सला आणि बॉक्सची केबल गच्चीवरच्या डिशला. घराचं अर्थिंग नीट नसेल तर या सगळ्यांच्या अंगावर थोडं थोडं व्होल्टेज तरंगत राहतं. हाताला झिणझिण्या येतात त्या त्याच्याच. दोन्ही मशिनं चालू असताना केबल घातली-काढली की तो झटका आयसीवर जातो, आणि वीज जवळपास पडली तर विचारायलाच नको. आपल्याकडे तासगाव, मिरज, वाळवा भागातून मे-जूनमध्ये येणाऱ्या मशिनांत मला हे दरवर्षी दिसतं. तेव्हा नवा आयसी बसवला तरी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. नाहीतर पुढच्या वळवाला पुन्हा हेच.

आता बोर्ड गरम करून देणाऱ्याबद्दल. तो कोण ते मला माहीत नाही, पण हात जोडून सांगतो, करू देऊ नका. एक्सबॉक्स ३६० ला तीन लाल दिवे लागायचे त्या काळात लोक असंच गरम करून मशीन उठवायचे. मायक्रोसॉफ्टने जुलै २००७ मध्ये त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली, इतकं ते दुखणं मोठं होतं. गरम करून उठलेली मशिनं काही आठवड्यांत परत झोपायची. तुमच्या पीएस ५ मध्ये तर मुख्य चिपवर उष्णता ओढून घ्यायला पेस्ट नाही, पातळ धातू आहे. तो वीज वाहून नेतो. हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) उघडताना तो भलतीकडे ओघळला तर आज ४,५०० चा प्रश्न आहे तो उद्या अख्ख्या बोर्डाचा होईल.

जॉयस्टिकच्या बाबतीत मात्र मी माझ्या दरावर ठाम आहे. दीडशेला मिळते ती साधी स्टिक. तिच्या आत कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावर धातूचा काटा घासत राहतो. पट्टी झिजली की हात न लावता खेळाडू आपोआप चालायला लागतो, तोच ड्रिफ्ट. तुमच्या कंट्रोलरला मी हॉल सेन्सरची बसवली आहे. त्यात लोहचुंबक असतो, काही घासतच नाही. मूळची स्टिक १४ ठिकाणी सोल्डर केलेली असते आणि त्यातले काही जोड ग्राउंडच्या जाड तांब्यावर असतात, ते उष्णता पिऊन टाकतात. तिथं घाई करून ओढलं की भोकाभोवतीचं तांबं उचकटून येतं. नवी बसवल्यावर कॉम्प्युटरला लावून मधला बिंदू जुळवावा लागतो. ७०० मध्ये पार्ट, मजुरी आणि हे जुळवणं, सगळं आलं. तुमच्याही रिव्ह्यूत ड्रिफ्ट परत आल्याची तक्रार नाही.

गेम टाकून देण्याचं काम मी करत नाही आणि करणारही नाही. मॉडिंग मला मनापासून आवडतं. पीएस ५ ला गेम साठवायला जादा एसएसडी लावायची (ती जागा २०२१ च्या सप्टेंबरमधल्या अपडेटने खुली झाली), कंट्रोलरला मागे बटणं द्यायची, जुन्या मशीनला नवी बॉडी, यात माझी रात्र कशी जाते कळत नाही. पण चोरीचे गेम टाकणं हे वेगळं काम आहे, आणि कंपनीला कळलं तर ते मशीन ऑनलाइन कायमचं बंद होऊ शकतं. माझा नकार बरोबर होता, सूर चुकला. तुमच्या मुलासमोर मी आवाज चढवला, त्याबद्दल त्याची आणि तुमची माफी मागतो.

आता पुढचं. आयसी माझ्यामुळे गेला नाही, म्हणून त्याची खरेदीची किंमत तेवढी तुम्ही द्या, १,६०० रुपये. बिल दाखवतो. मजुरीचा एक रुपया घेणार नाही. माझ्यावर भरवसा उरला नसेल तर पोर्टचे ३,८०० परत घेऊन जा आणि मशीन हवं तिथं दाखवा. मी आठही लाइनचे आकडे कागदावर लिहून देतो, म्हणजे पुढच्या माणसाला पहिल्यापासून शोधावं लागणार नाही. दुकानात सेकंडहँड ४के टीव्ही आणलाय. आता प्रत्येक पीएस ५ त्याच्यावर दोन तास चालल्याशिवाय बाहेर जात नाही.

सोमवार सोडून कधीही या, सकाळी अकरानंतर. येताना घरची एचडीएमआय केबल घेऊन या, तीही मोजून बघायची आहे.